आरशाच्या पाठीमागे

मी स्क्रू फिरवलाच नव्हता, आणि हे वरून म्हणाले, "बस. बसला."

मार्गशीर्षातली संध्याकाळ होती, दिवे लागायच्या आतली. खालच्या रस्त्यावरून कुणाच्या तरी लग्नाचा डीजे चालला होता आणि त्याच्या दणक्यानं कठड्यावरची तुळशीची कुंडी थरथरत होती. मी नेहमीसारखी दुर्बिणीच्या बुडाशी चटईवर बसलेली, पाठ पाण्याच्या टाकीला टेकलेली. हे लाकडी घोडीवर उभे, डोळा नळीच्या कुशीतल्या भोकाला लावलेला. "धाकटी जराशी आत," हे म्हणाले. मी हात घातला आणि बोटांत गोळा आला. थंडीत येतो. हात काढून मांडीखाली दाबून धरला. आणखी फिरव म्हणून वरून आवाज येतच होता. "आखो... आखो जराशी... हां, हां..." डीजे कोपऱ्यावरून वळला, एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत हे म्हणाले, बस, बसला. पोटभर जेवून ताटावरून उठावं तशा समाधानानं म्हणाले. माझा हात मांडीखाली होता. धाकटी जिथल्या तिथं होती.

ज्याला हे काम ठाऊक नाही त्याला सांगते. आमची दुर्बीण म्हणजे जत्रेत मिळतं तसलं पुढेमागे भिंगं लावलेलं नळकांडं नव्हे. ही माणसाहून उंच नळी आहे, पाइपच्या कारखान्यातून आणलेली, आणि तिच्या तळाशी परातीएवढा आरसा आहे. आभाळाचा उजेड वरून आत पडतो, आरशावर आपटून परत वर जातो, तिथं एक तिरपा छोटा आरसा त्याला बाजूच्या भोकाकडे वळवतो, आणि त्या भोकात भिंग घालून माणूस बघतो. दोन्ही आरशांची तोंडं एकमेकांना नेमकी हवीत. केसभर चुकलं तर ताऱ्याचा ठिपका राहत नाही, त्याला शेपूट फुटतं. आणि चुकतंच. जळगावचं ऊन दिवसभर नळीला भाजतं, संध्याकाळी गार वारा सुटतो, आरशाखालचं लाकूड आकसतं, आरसा हलतो. म्हणून रोज वापरायच्या आधी तो सरळ करायचा. आरशाच्या पाठीमागे तीन स्क्रू आहेत, त्यांवर स्प्रिंगा. ते फिरवायचे आणि वरून भोकातून बघायचं. आता दुर्बीण लहान असली तर एकच माणूस डोळा लावून खाली हात पोचवतो. आमच्या दुर्बिणीत पोचत नाही. इथं दोघं लागतात, एक बघणारा आणि एक फिरवणारा. हे पाहुण्यांना सांगायचे, "म्हणून तर लग्न केलं." पाहुणे हसायचे. मी खाली बसलेली असायचे, मी नाही हसायचे. स्क्रूंची नावं मी ठेवलेली. थोरली, मधली, धाकटी. आम्ही तिघी जावा होतो, त्यावरून. थोरली घट्ट, मधली सैल, आणि धाकटी जरा हात लागला की कुरकुरणारी. धाकटी म्हणजे मी, हे यांनीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

यांचं नाव भाईदास. तोंडानं कधी घेतलं नाही, कागदावर घ्यायला हरकत नाही.

मला आधी राग आला. वीस वर्षं गुडघे मोडून चटईवर बसवलं आणि आता बघतही नाहीत, नुसतं बस म्हणतात, असं वाटलं. रागात खाली गेले, वांगी भाजायला ठेवली. भरिताची वांगी गॅसवर भाजावी लागतात आता, कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेल्याची चव कुठली यायला. साल काढता काढता हात थांबला. हे बघत नाहीत असं नाही. घोडीवर चढून डोळा लावून, एक डोळा मिटून, मान तिरकी करून उभे असतात. हे बघतात. यांना दिसत नाही. माझ्या हाताला वाफेचा चटका बसला तरी मी वांगं सोडलं नाही. मग सगळंच एकामागून एक आठवायला लागलं, जसं घरात चोरी झालेली कळल्यावर माणसाला एकेक उघडं दार आठवतं. गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून हे माझ्या तोंडाकडे बघत नव्हते. बोलताना माझ्या कानाकडे बघायचे. मला वाटायचं, रुसलेत. मी म्हटलंही होतं, "कानात काय सोनं ठेवलंय का मी?" हे हसले होते. ताटात ठेचा कुठं आहे ते बोटानं चाचपून घ्यायचे. पेपर हातात धरायचे आणि पान उलटायचे, पण बातमी सांगायचे ती सकाळी टीव्हीवर ऐकलेली. रस्त्यानं मात्र नीट चालायचे, गाडी चुकवायचे, जिना चढायचे. कडेचं दिसत होतं. मधलंच गेलं होतं. जिकडे डोळा लावावा तेवढंच नेमकं पुसलेलं. आणि दुर्बिणीत जे काही असतं ते मधेच असतं.

अमळनेरच्या तेलाच्या मिलमध्ये हे फिटर होते. रस्त्यावरून जाता जाता आतल्या कोणत्या घाण्याचं बेअरिंग गेलंय ते आवाजावरून सांगायचे, आणि तेच निघायचं. मिल बंद पडली, जळगावला पाइपच्या कारखान्यात लागले, आणि तिथं कुठून हे आभाळाचं वेड डोक्यात शिरलं देव जाणे. आरसा यांनी स्वतः घासला. पिंपावर ठेवलेल्या परातीएवढ्या दोन जाड काचा, खाली एक वर एक, मध्ये खरखरीत पूड आणि पाणी, आणि पिंपाभोवती फिरत फिरत घासायचं. उन्हाळाभर आमच्या मागच्या पडवीत हे पिंपाला प्रदक्षिणा घालत होते. शेजारची अमृतची आई विचारायची, "भाऊंनी कशाचा नवस बोललाय?" पाणी मी घालायचे, पूड मी टाकायचे. शेवटी लाल पूड होती, कुंकवासारखी. पंचा, चादर, माझं लुगडं, सगळं लाल झालं. ते डाग अजून त्या फरशीच्या सांध्यात आहेत. हाताची आच लागली तर काच फुगते म्हणे, म्हणून घासून झालं की तासभर कुणी जवळ जायचं नाही. योगू तेव्हा शाळेत होता. तो म्हणायचा, "आई, बाबा काचेला जपतात तेवढं मला जपत नाहीत." मी म्हणायचे, तू पण गोल हो मग.

पहिल्यांदा दुर्बीण लावली तेव्हा यांनी अख्खी कॉलनी बोलावली. कारखान्याचे साहेब आले, शाळेचे मास्तर आले, धुळ्याहून माझा भाऊ आला. मी खाली शेवभाजीचं पातेलं चढवलेलं. चाळीस माणसांचं करून हात धुवून वर आले तेव्हा रांग संपत आली होती, आणि कुणीतरी म्हणालं, वहिनींना दाखवा. हे म्हणाले, "ती काय, घरचीच आहे. ती कधीही बघेल." सगळ्यांसमोर. मी पदराला हात पुसले आणि खाली उतरले. त्या दिवसापासून हे सगळं होईपर्यंत मी त्या भोकाला डोळा लावला नाही. यांनी नंतर किती वेळा म्हटलं, चंद्र बघ, गुरू बघ, येऊन तर बघ. मी म्हणायचे, कामं पडलीत. स्क्रू मात्र रोज फिरवले. माझ्या हातानं आभाळ सरळ व्हायचं आणि दुसरे बघायचे. मला त्याचा अभिमान होता. बघणारे पुष्कळ असतात. फिरवणारी मी एकटी होते.

एकदाच मन हललं होतं. पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. हे एका संध्याकाळी खाली येऊन ओट्याला टेकून उभे राहिले, तोंड एवढंसं. म्हणाले, शनीची कडी मिटली. मी म्हटलं, मिटली म्हणजे? मग त्यांनी भाकरीचं उदाहरण दिलं. हातातली भाकरी तिरकी धरली. ही अशी दिसते एरवी, टोपीच्या काठासारखी. मग भाकरी आडवी डोळ्यासमोर धरली, नुसती कड माझ्याकडे. आता अशी झालीये. एक रेघ. कधी कधी तर तीही दिसत नाही. काही वर्षांनी एकदा असं होतं. मी म्हटलं, मग त्यात रडायचं काय, उघडेल परत. हे म्हणाले, "उघडी तर बठ्ठा दखतस. मिटेल कोन दखस? आते पुढल्या बारीले मिटनी ना, तू दख मनासंगे." उघडी सगळेच बघतात, पुढल्या वेळची मिटलेली तू माझ्यासोबत बघ, असं. मी भाकरी त्यांच्या हातातून घेऊन टोपल्यात ठेवली. हो म्हटलं नाही. पण नाही पण म्हटलं नाही. ते मी इतकी वर्षं कुठंतरी जपून ठेवलं होतं, बाळंतविड्यातल्या झबल्यासारखं, कधी घडी उघडली नाही, पण कुठल्या पेटीत आहे ते माहीत. आणि ती पुढली बारी म्हणजे हे वर्ष. मला तारखा कळत नाहीत, पण टीव्हीवर सांगितलं होतं.

त्या शनिवारी, स्क्रू न फिरवल्यानंतरच्या, कॉलनीतली माणसं आली. शनिवारी येतात. किराणावाले मोतीलालभाऊ, त्यांची सून, दोन-चार पोरं, बँकेतला एक नवा माणूस. पाहुण्यांशी हे शुद्ध मराठीत बोलतात. घरात, माझ्याशी, अहिराणी. "हं, या, इथं डोळा लावा, नळीला हात लावू नका. दिसला शनी? आता कडी बघा. टोपीच्या काठासारखी, तिरकी. दिसली ना? बरं झालं." मोतीलालभाऊ म्हणाले, "वा! स्पष्ट दिसली हो भाऊ." सून म्हणाली, "किती क्यूट." बँकवाला म्हणाला, "अद्भुत." मी टाकीला टेकून ऐकत होते. धाकटी गोळा आलेल्या हाताची वाट बघत तशीच वाकडी होती, कडी तर यंदा मिटलेली, आणि रांगेतल्या एकेकाला ती टोपीच्या काठासारखी उघडी दिसत होती. एकही जण म्हणाला नाही की मला काही दिसत नाही. मला वाटलं, कदाचित कधीच कुणाला काही दिसलं नसेल. मी वीस वर्षं जे सरळ करत आले ते सरळ आहे की वाकडं, याचं कुणालाच काही नव्हतं. हे प्रत्येकाला तेच म्हणत होते, गोड आवाजात, "दिसली ना? बरं झालं." आणि ती माणसं पायऱ्या उतरता उतरता धुळ्याच्या लग्नाचं बोलायला लागली होती.

रात्री जेवताना मी विचारलं, "तुमले दखास ना नीट?"

"काय?"

"डोळे दाखवून येऊ एकदा."

"मना डोयासले काय व्हयनं? आरसा हालना शे. नहीतं भिंग खराब व्हयनं व्हई." हे माझ्या कानाला म्हणाले. "नवं भिंग लागीन."

मी पुढं बोलले नाही. बोलले असते तर काय झालं असतं ते मला पाठ होतं. योगेंद्र पुण्याला असतो, त्याची बायको सुलक्षणा पोरगी चांगली आहे, फोनवर दर रविवारी एकच रेकॉर्ड. "आई, आता इकडेच या ना. लिफ्ट आहे, खाली बाग आहे, दवाखाना समोर. घराला गिऱ्हाईक आहे म्हणतात हे." आणि मागून योगूचा आवाज, "दुर्बिणीचं करू काहीतरी, एखाद्या शाळेला देऊन टाकू." देऊन टाकू. जसं काही भंगार. यांचे डोळे गेले हे एकदा तोंडातून निघालं की आठवड्यात टेम्पो दाराशी उभा राहिला असता. यांना पुण्याच्या त्या बागेत बाकड्यावर बसवलं असतं, आणि मला त्यांच्या शेजारी. मग हे सांगणार काय आणि मी फिरवणार काय. म्हणून मी गप्प. मी, जिच्या तोंडाला अख्खी कॉलनी टरकते. आणि गप्प राहिलं तर काय, तेही कळत होतं. मधलं गेलं होतं, कडेचंही हळूहळू जाणार. जी मिटलेली कडी यांच्यासोबत बघायची मी इतकी वर्षं राखून ठेवली होती, ती बघायला अजून थोडाच वेळ होता, तोही हे समजावून सांगतील तोवरच.

भिंगासाठी आम्ही धुळ्याला गेलो. जळगावात सोनं हवं तेवढं मिळतं, भिंग मिळत नाही. धुळ्याला देवपुरात अभिमन सर राहतात, कॉलेजात शिकवायचे, यांचे जुने आभाळदोस्त. आता पाठीचं दुखणं लागलंय, स्वतःची भिंगं विकायला काढली होती. एसटीत हे खिडकीशी बसले आणि गावं सांगत राहिले. एरंडोल आलं, पारोळा आलं. गतिरोधकावरून, वळणावरून, बसस्टँडच्या गलक्यावरून सांगत होते. एकदा मुकटी गावाला फागणं म्हणाले. मी म्हटलं, "हां." पाठीमागच्या सीटवरच्या बाईनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे असं बघितलं की ती मोबाईलमध्ये तोंड घालून बसली.

अभिमन सरांनी टेबलावर पांढरा टॉवेल पसरला आणि भिंगं एकेक करून मांडली. मला ते बघायला आवडलं, खरं सांगते. सराफ जशी गादीवर पेटी उघडतो तसंच. मी सोनं निवडते तेव्हा वजन बघते, कडा बघते, डाग देऊन जोडलेल्या जागा बघते, आणि दुकानदार ज्या दागिन्याची जास्त स्तुती करेल तो बाजूला ठेवते. हेही पूर्वी तसंच करायचे. भिंग उजेडाकडे तिरकं धरायचे आणि त्यावर हिरवी-जांभळी झाक कशी खेळते ते बघायचे. झाक एकसारखी हवी. आत धातूच्या कडा काळ्या रंगवलेल्या हव्यात, नाहीतर आतच उजेड उसळ्या मारतो. चष्म्यासकट डोळा ठेवता आला पाहिजे. आणि खरी परीक्षा कडेची. मधे कुठलंही भिंग चांगलंच दिसतं, स्वस्तातलंसुद्धा. त्याची लायकी कडेला कळते, कडेचा तारा पिसासारखा फाटतो का, यावर. हे मला यांनीच शिकवलेलं. पूर्वी मला वाटायचं, माणसाचंही तसंच आहे.

सरांच्या गॅलरीत छोटी दुर्बीण होती, तिच्यातून लांबच्या टॉवरचे नटबोल्ट दिसतात म्हणे. यांनी एक भिंग घातलं, बघितलं. दुसरं घातलं. पहिलं जड होतं, काठ रबरी, आत काळोख. दुसरं हलकं, चकचकीत, खेळण्यासारखं. मी नुसती टेबलाशी बसून सांगू शकले असते कुठलं घ्यायचं. हे दुसऱ्यात बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "हे घेतो. यात कड एकदम स्वच्छ आहे."

सर थांबले. "भाऊ, ते तर कुठल्या तरी दुर्बिणीबरोबर फुकट आलेलं... परत एकदा बघता का? कडेला—"

"बघितलं की."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या बायकोनं हातातला चहाचा ट्रे तसाच धरून ठेवला. त्या घरातल्या चौघांना त्या क्षणी ठाऊक होतं, आणि चौघंही एकमेकांपासून लपवत होते. सर म्हणाले, "अक्का, तुम्ही तरी..."

"काय मी तरी?" मी म्हटलं. "तेच बांधा. भिंगातलं त्यांना कळतं. आम्ही काय तुमच्यासारखे मोडकी पाठ घेऊन विकायला नाही बसलो."

सरांचं तोंड उतरलं. त्यांनी मुकाट्यानं तेच हलकं भिंग डबीत घातलं. चांगला माणूस आहे. निघताना विषय बदलायला म्हणाले, "यंदा कडी मिटलीये भाऊ. नुसती रेघ राहिलीये. पाहिली असेलच."

"ठाऊक शे ना," हे म्हणाले. आणि चप्पल पायानं शोधत राहिले.

मला ते चपलेच्या वेळी नाही, एसटी पांझरेच्या पुलावर आल्यावर लागलं. यांना ठाऊक आहे. मग शनिवारी? मी विचारलं. बस भरलेली होती, शेजारी कोण बसलंय त्याची पर्वा न करता विचारलं, "ठाऊक होतं, मग लोकांना उघडी का सांगितली?" हे मांडीवरच्या डबीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. झाकण घट्ट आहे का ते चाचपलं. मग म्हणाले, "माले वाटनं, एखादा तरी म्हनीन, भाऊ, कडी नही शे." मग खिडकीकडे तोंड केलं. "कोनी नही म्हनत. उघडी सांगी का त्यासले उघडी दखास." त्यांच्या आवाजात राग नव्हता. मिलचा भोंगा बंद झाला त्या दिवशी घरी येऊन जसं सांगितलं होतं, तसंच सांगितलं. फागण्याला बसमध्ये कापसाची पोती चढली, तंतू उडाले, मला ठसका लागला, आणि मला बोलता आलं नाही ते एका अर्थी बरंच झालं. बोलायचं होतं ते एवढंच होतं: मी म्हणेन. मला दाखवा, मी म्हणेन.

म्हणून मग मी ठरवलं. दोन दिवसांनी, ऊन उतरल्यावर, गच्चीवर गेल्यावर मी चटईवर बसले नाही. घोडीला हात लावला आणि म्हटलं, "आज मी वर उभी राहते. तुम्ही खाली बसा. स्क्रू तुम्ही फिरवा."

हे जिन्याच्या दाराशी उभे होते. माझ्या कानाकडे बघत. मी मनात म्हणत होते, विचारा, का म्हणून विचारा, मी सांगते. यांनी विचारलं नाही. आले, चटई चाचपली, माझ्या जागी बसले, पाठ टाकीला टेकवली. इतक्या वर्षांत ती टाकी माझ्या पाठीच्या आकाराची झाली असेल असं मला उगाच वाटायचं. यांनाही ती बसली.

घोडीवर चढताना गुडघे कुरकुरले. भोकात यांची एक डबी होती, जुन्या फोटोच्या रोलची, झाकणाला मधोमध बारीक छिद्र पाडलेली. आरसा सरळ करताना भिंगाच्या जागी ती घालायची. मी डोळा लावला. पहिल्यांदा. आत विहीर होती. विहिरीत विहीर, गोलात गोल, आणि सगळ्यात खोल एक लख्ख उजेड. हळूहळू कळायला लागलं. खाली मोठ्या आरशाच्या मधोमध यांनी चिकटवलेली कागदाची चकती, भोक असलेली. आणि एक काळा ठिपका. "ठिपका चकतीना भोकमा येवाले पाहिजे," खालून आवाज आला. "कोठे शे?" ठिपका चकतीच्या आसपासही नव्हता. पार कडेला गेला होता, बांधावर चढून बसल्यासारखा. हे एका दिवसाचं नव्हतं. महिन्यांचं होतं, कदाचित वर्षाचं. किती शनिवार, किती रांगा. माझ्या हातांनी मी वर्षभर रोज ते वाकडं करत आले होते, यांच्या सांगण्यावरून, आणि दोघंही खाली उतरताना समाधानानं.

"लांब शे," मी म्हटलं.

"कोनती फिराऊ?"

"थोरली. आत."

लोखंडाचा आवाज आला आणि विहीर हलली. सगळी विहीर, गोलात गोल सगळे, माझ्या डोळ्यापुढं डुलले आणि ठिपका चकतीकडे सरकला. माझ्या तोंडून आवाज निघाला. हे असं असतं होय. खाली बसून मी जे अंधारात फिरवायचे त्यानं इथं हे असं व्हायचं, आणि एक माणूस इथं उभा राहून रोज हे बघायचा. "आखो," मी म्हटलं. ठिपका आणखी सरकला. "मधली बाहेर." सरकला. आता चकतीच्या काठाला टेकला. एवढंसं राहिलं होतं.

"आते धाकटी. जराशी आत."

काही झालं नाही.

"आखो जराशी."

ठिपका हलला नाही. मी वाट बघितली. खालच्या रस्त्यावर आज लग्न नव्हतं, डीजे नव्हता. कुठं तरी कुकरची शिट्टी झाली. धाकटीची स्प्रिंग एवढासा हात लागला तरी कुरकुरते, अख्ख्या घराला ऐकू येते. ती कुरकुरली नाही. खाली यांचा श्वास ऐकू येत होता, तेवढाच. स्क्रूवर हात नव्हता यांचा. मी खाली वाकून बघितलं नाही, बघायची गरज नव्हती. आणि मग मला ते कळलं. त्या संध्याकाळी डीजे कोपऱ्यावरून वळला होता. शांत झालं होतं. ज्या माणसाला रस्त्यावरून जाताना घाण्याचं बेअरिंग ऐकू येतं, त्याला त्या शांततेत धाकटी न कुरकुरलेली ऐकू आली नसेल? ऐकून यांनी म्हटलं होतं, बस, बसला. मी फिरवलं नाही हे यांना ठाऊक होतं. मी गप्प राहिले हेही. तेव्हापासून रोज जेवायला शेजारी बसत होतो आम्ही. आणि आता हे माझ्या जागी बसून, हात मांडीखाली घालून, वाट बघत होते. मी काय म्हणते त्याची.

तोंडात शब्द आला होता. फिरवलं नाही तुम्ही. एवढंच. त्या तीन शब्दांच्या मागं सगळं उभं होतं, डोळ्यांचा डॉक्टर, योगूचा टेम्पो, पुण्याचं बाकडं, पण त्यांच्याही मागं हे उभे होते, तोंड वर करून, कुणीतरी म्हणावं म्हणून. मी छिद्रातून बघत राहिले. त्या विहिरीच्या तळाशी, लक्ष दिलं की, आणखी एक गोष्ट दिसत होती. बघणाऱ्याचाच डोळा. मोठा, पाणावलेला, म्हातारा. माझाच. मला तो ओळखू आला नाही.

"बस," मी म्हटलं. "बसला."

खाली काही हललं नाही. मग हे उठले, गुडघ्यावर हात देऊन. "बसना?"

"बसला म्हटलं ना."

यांनी नळी फिरवली, टाकीच्या वरच्या अंगाला, शनी कुठं असतो ते यांच्या हाताला पाठ आहे. वरच्या छोट्या शोधक नळीत बघून मी सांगत गेले, उजवीकडे, वर, बस, आणि पिवळट ठिपका आत आला तेव्हा यांनी डबी काढून धुळ्याहून आणलेलं ते हलकं भिंग घातलं. हात जराही चुकला नाही. "दख," म्हणाले. मी डोळा लावला. ओल्या हातानं पुसलेल्या हळदीसारखं काहीतरी होतं, एका अंगाला शेपूट ओढलेलं, थरथरणारं. रेघ नव्हती. कडी नव्हती. शनी होता की नव्हता तेही सांगता येत नव्हतं. एवढी वर्षं जे बघायचं राखून ठेवलं होतं ते हे.

"कडी कशी शे?" हे माझ्या अगदी जवळ उभे होते. इतक्या जवळ की त्यांच्या स्वेटरचा वास येत होता, डांबरगोळीचा. आवाज बारीक होता, हातात भाकरी धरून ओट्याशी उभे होते तेव्हासारखा.

मी या आयुष्यात कुणाला गोड वाटावं म्हणून काही बोलले नाही. सासूला नाही, सुनेला नाही.

"उघडी," मी म्हटलं. "टोपीच्या काठासारखी."

त्यांनी भिंगाचं झाकण खिशातून काढलं, बोटांत फिरवलं. अंधार पडायला लागला होता, आणि त्यांचं तोंड माझ्याकडे होतं, कानाकडे नाही, सरळ माझ्याकडे, म्हणजे मी त्यांना अजिबात दिसत नव्हते.

"दिसली ना?" हे म्हणाले, पाहुण्यांच्या मराठीत. "बरं झालं."